रेषेबाहेरून आलेला चेंडू

व्याकरणाचा नियम आणि खेळाचा नियम ह्यांच्यात जवळचे नाते असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. दोन्ही बहुधा कुणी शिकवल्यावाचून अंगवळणी पडतात. ते शब्दांत सांगा म्हटले, तर भलेभले अडखळतात. पण कुणी मोडले, की ज्याला नियम सांगता येत नाही त्यालाही ते तत्क्षणी कळते. फुटबॉलमधल्या ऑफसाइडच्या नियमाविषयी हे विशेष खरे आहे. मैदानाच्या कडेला बसलेले दहा वर्षांचे पोर 'ऑफसाइड!' म्हणून ओरडते आणि बहुधा बरोबर ओरडते. तोच नियम चार जाणत्या माणसांत समजावून सांगायचा झाला, तर फळा आणि खडू लागतो. प्रस्तुत लेखात मला ह्या नियमापेक्षा त्याच्या एका अपवादाविषयी लिहायचे आहे. अपवाद लहानसा आहे. सीमारेषेबाहेरून हाताने आत फेकलेला चेंडू, म्हणजे थ्रो-इन, ज्याला थेट मिळतो, तो खेळाडू ऑफसाइड ठरत नाही. हे असे का असावे, हा प्रश्न गेली काही वर्षे माझी पाठ सोडत नाही. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांपुढे तो मांडावा असे वाटण्यालाही कारण आहे. ते ओघाने येईल.

आधी नियम. फुटबॉलच्या नियमावलीत सतरा नियम आहेत. त्यांतला अकरावा ऑफसाइडचा आणि पंधरावा थ्रो-इनचा. हल्ला करणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात असेल, चेंडूच्या पुढे असेल, आणि प्रतिस्पर्धी संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे, म्हणजे गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तर तो ऑफसाइडच्या जागी आहे असे समजतात. बरोबरीत असेल तर चालते. नुसते त्या जागी असणे हा गुन्हा नव्हे. सहकाऱ्याने चेंडूला स्पर्श केला त्या क्षणी तेथे असणे आणि मग त्या खेळात भाग घेणे, हा गुन्हा. थोडक्यात, नियमाचा रोख एकाच गोष्टीवर आहे: चेंडू यायच्या आधीच पुढे जाऊन दबा धरून बसू नये. जायचे तर चेंडूबरोबर जावे.

ह्या नियमातून तीन गोष्टी वगळल्या आहेत: गोल किक, कॉर्नर किक आणि थ्रो-इन. कॉर्नर किकची सवलत जवळजवळ नावापुरतीच आहे. चेंडूच मुळी गोलरेषेपाशी असल्यावर त्याच्या पुढे कोण आणि कसा जाणार? गोल किक मैदानाच्या अगदी दुसऱ्या टोकाहून मारली जाते. खरी अर्थपूर्ण सवलत आहे ती थ्रो-इनची. कारण थ्रो कोठूनही होऊ शकतो, अगदी प्रतिस्पर्ध्याच्या गोलापासून वीस पावलांवरूनही. त्याच जागेवरून फ्री किक मिळाली, तर ऑफसाइडचा नियम पूर्ण लागू. थ्रो मिळाला, तर नाही. हातभर अंतरावर रेषेच्या आत आणि रेषेच्या बाहेर असा हा फरक आहे.

माझे बालपण कोल्हापुरात गेले. महाराष्ट्रात क्रिकेटच्या राज्यात फुटबॉलचे संस्थान शाबूत ठेवणारे ते शहर आहे. तिथे संघ पेठांचे आणि तालमींचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे उच्चारताना माणसाचा आवाज आपोआप चढतो. शाहू स्टेडियमवर मी जे पाहिले ते डोळ्यांनी पाहिले. त्याचा विचार करावा असे मात्र बेंगळूरला आल्यावर सुचले. नोकरीनिमित्त आलो आणि राहिलो. बाहेरून पाहणाऱ्याला हे शहर संगणकाचे वाटते. पण हलसूर, ऑस्टिन टाऊन, मर्फी टाऊन, गौतमपुरा ह्या जुन्या लष्करी छावणीच्या भागांत फुटबॉल संगणकाच्या कितीतरी आधीपासून नांदतो आहे. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर १८९१ पासून गोऱ्या पलटणींची सद्दी होती. तो चषक १९३७ साली प्रथम जिंकणारा बिनलष्करी भारतीय संघ ह्याच शहरातला, बेंगलोर मुस्लिम्स हा होता, आणि त्याने १९३८ मध्ये तो पुन्हा जिंकला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारे सारंगपाणी रामन इथलेच. कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघातल्या ज्या पाच आघाडीपटूंना लोकांनी 'पंचपांडव' म्हटले, त्यांतले अहमद खान इथलेच. पुढे आय.टी.आय., एच.ए.एल. अशा सार्वजनिक उद्योगांच्या संघांनी कामगार वस्त्यांमधल्या मुलांना नोकरी आणि मैदान अशा दोन्ही गोष्टी दिल्या. अशा गावात राहून फुटबॉलच्या नियमाविषयी कुतूहल न वाटणे अवघड.

ते कुतूहल तीव्र व्हायला निमित्त झाले एका थ्रोचे. २१ जून २०२३ रोजी येथील कंठीरव क्रीडांगणावर दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या अजिंक्यपद स्पर्धेत भारत आणि पाकिस्तान ह्यांचा सामना झाला. व्हिसाच्या विलंबामुळे पाहुणा संघ सामन्याच्याच दिवशी शहरात पोचला होता. सुनील छेत्रीच्या दोन गोलांमुळे भारत पुढे होता. पूर्वार्ध संपत आला असताना पाकिस्तानचा एक खेळाडू थ्रो घेण्यासाठी चेंडू हाती घेऊन सीमारेषेपाशी उभा राहिला. त्या आधी आपल्या खेळाडूला धक्का दिला गेला होता, असे भारतीय प्रशिक्षक इगोर स्टिमॅच ह्यांना वाटत होते. त्यांनी मागून जाऊन त्याच्या हातातला चेंडू उडवला. धक्काबुक्की झाली, पंचांनी स्टिमॅच ह्यांना तांबडे कार्ड दाखवले आणि पुढचा सामना साहाय्यक प्रशिक्षक महेश गवळी ह्यांनी सांभाळला. भारत ४-० असा जिंकला. छेत्रीने तीन गोल केले, चौथा उदांता सिंगने. ४ जुलैला अंतिम सामन्यात कुवेतला पेनल्टींवर हरवून भारताने चषकही मिळवला. पण माझ्या मनात राहिली ती त्या अडलेल्या थ्रोची घटका. तांबड्या कार्डाच्या औचित्याविषयी वाद करणारे पुष्कळ भेटले. मी मात्र वेगळ्याच गोष्टीचा विचार करत होतो. थ्रो घेणाऱ्या माणसाइतका अगतिक माणूस फुटबॉलच्या मैदानात दुसरा नसतो, हे मला त्या दिवशी उमगले.

त्याची स्थिती पाहावी. इतर सगळे आत. हा एकटा बाहेर. त्याचा संघ त्या घटकेपुरता दहांचा झालेला, म्हणजे आत अकरांविरुद्ध दहा. फुटबॉल पायाचा खेळ. ह्याला पाय वापरायची बंदी. दोन्ही हात चेंडूत गुंतलेले. चेंडू डोक्यामागून आणि डोक्यावरून, दोन्ही हातांनीच फेकायचा, तोंड मैदानाकडे, दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला, तोही रेषेवर किंवा रेषेबाहेर टेकलेला. फेकलेला चेंडू थेट गोलात गेला तरी गोल नाही. दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत ह्याने चेंडूला पुन्हा शिवायचे नाही. फेकण्याची रीत चुकली, तर थ्रो प्रतिपक्षाला. इतक्या साऱ्या निर्बंधांच्या बदल्यात नियमाने त्याला दोन गोष्टी दिल्या आहेत. एक म्हणजे प्रतिस्पर्ध्याने निदान दोन मीटर दूर उभे राहावे. दुसरी म्हणजे त्याचा चेंडू ज्याला थेट मिळेल, त्याला ऑफसाइडचा नियम विचारू नये. पहिली मोकळीक श्वास घेण्याइतकी. दुसरी नजर पुढे टाकता येण्याइतकी.

ही दुसरी मोकळीक आरंभापासून नव्हती. तिचा इतिहास मनोरंजक आहे. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम लिहिले, तेव्हा चेंडू रेषेबाहेर गेला की जो प्रथम धावत जाऊन त्याला स्पर्श करील त्याचा थ्रो, असा शिरस्ता होता. इंग्रजीत त्या रेषेला स्पर्शाची रेषा म्हणतात, तिचे नाव ह्या पद्धतीची आठवण देते. हा चेंडू रेषेशी काटकोन करून सरळ आतच फेकावा लागे. पुढे फेकण्याची सोयच नव्हती. १८७७ मध्ये लंडन आणि शेफील्ड ह्यांच्या नियमांचा मेळ घातला गेला आणि चेंडू कोणत्याही दिशेला फेकण्याची मुभा मिळाली. १८८२ पासून तो दोन्ही हातांनी फेकणे सक्तीचे झाले. दिशा मोकळी झाली, पण ऑफसाइडचा पहारा कायम राहिला. थ्रोवर ऑफसाइड नाही, हे कलम आले ते १९२० मध्ये. म्हणजे १८७७ पासून त्रेचाळीस वर्षे थ्रो घेणाऱ्याला पुढे पाहण्याचा अधिकार होता. पुढे फेकून उपयोग करून घेण्याचा मात्र फारसा नव्हता.

त्या त्रेचाळीस वर्षांत काय होत असेल, हे मैदान डोळ्यांपुढे आणले की कळते. बचाव करणाऱ्यांवर दाब आला, की त्यांनी चेंडू खुशाल रेषेबाहेर मारावा. थ्रो घेणारा चेंडू घेऊन उभा राहीपर्यंत त्यांच्या बचावपटूंनी चार पावले पुढे सरकावे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे हल्लेखोरापुढे तीन प्रतिस्पर्धी असणे आवश्यक होते. त्यामुळे त्या चार पावलांनी प्रतिपक्षाची सारी आघाडी ऑफसाइड होऊन जाई. फेकणाऱ्यापुढे सगळा खेळ मूठभर जागेत कोंबलेला. चेंडू मागे द्यावा, नाहीतर गमवावा. ज्याने चेंडू बाहेर मारला त्याचा लाभ, आणि ज्याला तो परत आत आणायचा त्याची कोंडी, असा हा उलटा न्याय होता. १९२० च्या कलमाने तो सरळ केला. पाचच वर्षांनी, १९२५ मध्ये, तीनांऐवजी दोन प्रतिस्पर्धी पुरेत असा मुख्य नियमही सैल झाला; न्यूकासलचा बचावपटू बिल मॅकक्रॅकन ह्याने ऑफसाइडच्या सापळ्याला जे शास्त्राचे रूप दिले होते, त्याचा त्या बदलाशी संबंध लावला जातो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की आधी अपवाद दुरुस्त झाला, मग नियम. नियमाच्या मध्यभागी काही बिघडले असेल, तर ते पुष्कळदा कडेला आधी दिसते.

परंतु ह्या मोकळिकीला एक कडक मर्यादा आहे, आणि माझ्या मते तीच तिची खरी ओळख आहे. मोकळीक एका स्पर्शापुरती आहे. थ्रो-इनचा चेंडू ज्याला थेट मिळाला, तो मुक्त. त्याने चेंडूला पाय किंवा डोके लावले, की त्या क्षणी ऑफसाइडचा नियम पूर्ण तेजाने परत येतो. इंग्लंडमधल्या स्टोक सिटीचा रॉरी डिलॅप २००८ च्या सुमारास लांबच लांब थ्रोंसाठी प्रसिद्ध झाला. त्याचा थ्रो म्हणजे जणू कॉर्नर किकच असे. अशा थ्रोवर पहिला खेळाडू गोलासमोर कुठेही उभा राहू शकतो. पण त्याने डोक्याने चेंडू मागच्या सहकाऱ्याकडे सरकवला आणि तो सहकारी बचावाच्या पलीकडे आधीच उभा असला, तर निशाण वर जाते. प्रेक्षक चिडतात, 'अहो, थ्रोवर ऑफसाइड कसला?' म्हणतात. पण तो आता थ्रो उरलेला नसतो.

याहून चमत्कारिक गोष्ट खुद्द फेकणाऱ्याची. त्याने कॉर्नरच्या निशाणापाशी उभे राहून जवळच्या सहकाऱ्याकडे चेंडू फेकावा, सहकाऱ्याने तो पहिल्याच स्पर्शात त्याला परत द्यावा, हा रोजचा डाव आहे. पण तेवढ्या वेळात बचावपटू पुढे सरकले असतील, तर रेषेवरून नुकता आत आलेला हा फेकणारा सगळ्यांच्या पुढे, गोलरेषेजवळ एकटा सापडतो. त्याच्या थ्रोमुळे दुसऱ्याला मोकळीक मिळाली होती. त्याची स्वतःची परीक्षा मात्र दुसऱ्याच्या स्पर्शाने होते आणि तो ऑफसाइड ठरतो. आपण आणलेल्या सवलतीचा वाटा आपल्याला मिळेलच असे नाही, हे व्यवहारातले सत्य नियमावलीने किती निर्विकारपणे नोंदवले आहे!

हाताने फेकण्याची अट ह्या सगळ्याच्या मुळाशी आहे, हेही इथे सांगायला हवे. १९९३ मध्ये जपानमध्ये झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेत थ्रोऐवजी पायाने चेंडू आत मारण्याचा प्रयोग करून पाहण्यात आला. पुढे तो रुजला नाही. अलीकडे आर्सेन वेंगर ह्यांनीही तशी सूचना केली आहे. हाताची ताकद मर्यादित, म्हणून ऑफसाइडची मोकळीक परवडते. पायाची ताकद मोकळी सोडली, तर तीच मोकळीक बचावाला झेपणार नाही. निर्बंध आणि सवलत ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. एका पारड्यातले वजन काढले, की दुसऱ्याचाही विचार नव्याने करावा लागतो.

हे सारे मी पुस्तकांतून जुळवत असता एका पोराने ते एका वाक्यात सांगून टाकले. माझा भाचा शिक्षणासाठी कोल्हापूरहून आमच्याकडे आला होता. त्याला कन्नड येत नव्हते, तमिळचा प्रश्नच नव्हता, आणि इंग्रजी परीक्षेपुरते. संध्याकाळी तो ऑस्टिन टाऊनकडच्या एका मैदानावर जाऊ लागला. एक दिवस मीही कडेला जाऊन बसलो. थ्रोवर चेंडू थेट त्याच्याकडे आला. तो बचावाच्या पाठीमागे एकटाच होता. त्याने गोल केला. दहा-बारा मुलांनी एकदम 'ऑफसाइड' म्हणून गिल्ला केला. ह्याच्याजवळ नियम होता, भाषा नव्हती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, थ्रोवर ऑफसाइड न्हाई की वो! सांगा की ह्यास्नी." मी उठेपर्यंत कडेला उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ पुढे झाले. पूर्वी ते एका कारखान्याच्या संघातून खेळत असत. त्या मैदानावर त्यांचा शब्द चालत असे. त्यांनी मुलांकडे पाहून छावणीतल्या दखनीत एवढेच म्हटले, "थ्रो पे ऑफसाइड नईं, बाबा." गोल मान्य झाला.

दहा मिनिटांनी भाच्यानेच कोपऱ्याजवळून थ्रो घेतला. जोडीदाराने चेंडू त्याला परत दिला. तो घेऊन तो गोलाकडे वळला, तोच त्या गृहस्थांनी हात वर केला. "अब है," ते म्हणाले. भाचा क्षणभर गोंधळला. परतताना मला वाटले, ह्याला समजावून द्यावे. पण त्याची गरज पडली नाही. तोच म्हणाला, "तवा बॉल भाईरनं आल्ता, मामा. आता आतला झाला न्हवं!" हळूहळू मुले त्याला हाक मारून बोलवू लागली. त्या बोलावण्यात त्याच्या गोलापेक्षा त्या दुसऱ्या निर्णयाचा वाटा अधिक असावा, असा माझा तर्क आहे. बाहेरून आला म्हणून पहिल्या खेपेला त्याच्यावर अन्याय होऊ दिला नाही. आणि बाहेरून आला म्हणून दुसऱ्या खेपेला त्याला सूटही दिली नाही.

आपल्या वैयाकरणांना ह्यात नवल वाटले नसते. उत्सर्ग आणि अपवाद ह्यांचा विचार त्यांनी फार बारकाईने केला आहे. 'इ'पुढे स्वर आला की 'इ'चा 'य्' होतो. म्हणून इति आणि आदि मिळून 'इत्यादि'. हा सामान्य नियम. पण पुढचा स्वर सजातीय असेल, तर दोन्ही मिळून एक दीर्घ स्वर होतो. म्हणून कवि आणि इंद्र मिळून 'कवींद्र'. आता कुणी असे म्हणत नाही, की दुसऱ्या नियमाने पहिल्याचा अपमान केला, किंवा 'कवींद्र' हा शब्द सवलतीवर जगतो. परंपरेची धारणा अशी, की अपवादाचे क्षेत्र आधी वेगळे काढून ठेवावे आणि उरलेल्या क्षेत्रात सामान्य नियमाने प्रवेश करावा. म्हणजे अपवाद ही नियमाने केलेली कृपा नव्हे. नियमाला स्वतःची हद्द ठाऊक असल्याची ती खूण आहे. ऑफसाइडचा नियम चालू खेळासाठी आहे. चालू खेळात 'पुढे' आणि 'मागे' ह्यांना अर्थ असतो, कारण चेंडू आत असतो. चेंडू बाहेर असताना खेळ थांबलेला असतो. तो आत येऊन कुणाच्या तरी पायाला लागेपर्यंत कोण कोणाच्या पुढे गेला, हा प्रश्न अपुरा आहे.

आता ह्या पत्रिकेच्या वाचकांपुढे हे मांडण्याचे कारण. वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे आपणही एक ऑफसाइडचा नियम पाळत असतो. एखादी कृती समोर आली, की आपण विचारतो: ही परंपरेबरोबर चालत इथवर आली, की परंपरा यायच्या आधीच पुढे जाऊन उभी राहिली? पहिली असेल तर ती इतिहासात; दुसरी असेल तर तळटीपेत. आणि हे शहर मला ह्या प्रश्नाची सारखी आठवण करून देते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या इथल्या दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये ह्याच्या 'राधामाधवविलासचंपू'त आहे, वि. का. राजवाडे ह्यांनी १९२२ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा अनेक भाषांतल्या कवींनी गजबजलेली ती सभा मराठी वाचकांना नव्याने दिसली. शहाजीराजांचे पुत्र एकोजी येथूनच १६७० च्या दशकात तंजावरला गेले. एकोजींचे पुत्र शाहराज ह्यांनी १६८४ ते १७१२ ह्या काळात तिथे राज्य केले आणि तेलुगूबरोबर मराठीतही नाटके रचली. म्हणजे सांगलीला विष्णुदास भावे ह्यांचे 'सीता स्वयंवर' ५ नोव्हेंबर १८४३ रोजी रंगभूमीवर आले, त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी तमिळ देशात मराठी नाटक लिहिले जात होते. तरीही मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ पासून धरतो. तंजावरची नाटके चेंडूच्या पुढे उभी होती, असा तो निर्णय आहे.

हा निर्णय सर्वस्वी चुकीचा आहे, असे मी म्हणत नाही. पण तो कोणत्या कारणाने दिला जातो, ते पाहावे. 'ती मुख्य भूमीबाहेरची होती' हे कारण मला मान्य नाही. कारण सांगलीचा चेंडूही बाहेरूनच आला होता. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून तिथल्या पटवर्धन संस्थानिकांनी भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले, हे आपण सारे शिकवतो. दोन्हीकडे थ्रोच. फरक आहे तो दुसऱ्या स्पर्शाचा. सांगलीचा चेंडू पुढच्यांनी घेतला. गावोगाव नाटकमंडळ्या निघाल्या. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात उभे राहिले. तंजावरचा चेंडू महाराष्ट्रातल्या कुणाच्या पायाला लागलाच नाही. तेव्हा त्या नाटकांना परंपरेचे जनक म्हणू नये, हे ठीक. पण त्यांना ऑफसाइड ठरवू नये. पहिला स्पर्श निर्दोष होता. खेळ पुढे गेला नाही, ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती इतिहासाने वेगळ्या शब्दांत लिहिली पाहिजे.

साम्य ताणले की तुटते, हे मी जाणतो. वाङ्मयात गोल नसतो, पंच नसतो आणि नव्वदाव्या मिनिटाला शिट्टी वाजत नाही. तरी हा प्रश्न माझ्यापुरता केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचे घराणे कित्येक पिढ्या बेंगळुरातच आहे. घरी मराठी, गल्लीत कन्नड. तिने एक कथा लिहून एका मासिकाकडे पाठवली. ती परत आली. सोबत शेरा, की ही भाषा मराठी नव्हे. कथेतली माणसे 'तो येणार असे म्हणाला' ह्याऐवजी 'तो येणार म्हणून बोलला' अशा धाटणीने बोलतात. गंमत अशी, की असे वाक्याशेवटी येणारे 'म्हणून' आपल्या प्रमाण मराठीतही आहे, आणि ते द्राविडी भाषांच्या सहवासातून आले असावे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. जे आपल्यात मुरले त्याला आपण मराठी म्हणतो. जे अजून हातात आहे, रेषेपाशी उभे आहे, त्याला परके म्हणतो. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला लेख फार काळ मराठीचा आद्य शिलालेख म्हणून गणला जात होता, आणि तो कन्नड भूमीत आहे, हे तरी आपण विसरू नये.

मुलगी नाउमेद झाली होती. तिला मी फुटबॉलचे काही सांगितले नाही. तिला त्या खेळात गोडी नाही. एवढेच म्हटले, की बाहेरून आलेल्या लेखनाने पहिल्याच वाक्यात आपल्या वंशावळीचा पुरावा द्यावा, ही मागणी रास्त नाही. आधी त्याला आत येऊ द्यावे, कुणाच्या तरी मनाला त्याचा स्पर्श होऊ द्यावा. संपादकाने दोन मीटर दूर उभे राहावे, इतकीच माझी अपेक्षा होती. ती कथा मी माझ्या वर्गात वाचून दाखवली, आणि वर्गाने ती ऐकली. कोल्हापूरकडचा एक विद्यार्थी म्हणाला, की ह्यातली आजी आपल्याला ओळखीची वाटते. पहिला स्पर्श झाला.

आता तिने दुसरी कथा लिहिली आहे. ती माझ्या टेबलावर आहे, आणि हिच्या बाबतीत मी सगळे नियम लावून पाहणार आहे. आजीचे पात्र तिथे पुन्हा आले आहे. ते कथेबरोबर चालत आले आहे, की आधीच पुढे जाऊन उभे राहिले आहे, एवढे पाहायचे आहे.